पूर्वेकडची कड

समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ती चोवीस वर्षं कामाला होती. जहाजांवरून खोलीचे आकडे येत, त्यांवरून ती रेघा काढी. हात असा, की साहेबही तिच्या कागदाला पेन्सिल लावत नसत. तिचा धाकटा भाऊ त्याच जहाजांवर होता. खाली आवाज सोडायचा, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागतो ते पाहायचं आणि खोली टिपायची, हे त्याचं काम.

एका ठिकाणी पाण्याखाली डोंगरांची अर्धवट कमान सापडली; पूर्वेची बाजू अजून मोजलेली नव्हती. साहेबांच्या मते ते सुटे डोंगर. भावाच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं, की हे सगळं मिळून ज्वालामुखीचं एकच तोंड आहे, चाळीस किलोमीटर रुंद. जेवताना तो आईला समजावी, की खालचा वितळलेला खडक एकदम उसळून बाहेर पडला, पोकळी झाली, आधार गेला तसं वरचं छत खाली बसलं.

"बसलं ना? आता तूही बस जेवायला," आई म्हणे.

एकदा तो बहिणीला म्हणाला, "ताई, पूर्वेची कड काढ ना. ती तिथं आहेच."

"आकड्यांशिवाय मी रेघ काढत नाही, तुला माहितेय."

मग आकडे आणायला तो पुढच्या फेरीवर गेला.

जहाज परतलं तेव्हा कप्तान स्वतः घरी आला. भावाचं अपेंडिक्स फुटलं होतं, बंदर चार दिवस लांब; तो वाटेतच गेला. दुखतंय हे त्यानं दोन दिवस कुणाला कळूच दिलं नव्हतं.

"कळलं असतं तर मी जहाज वळवलं असतं," कप्तान खाली बघत म्हणाला. "म्हणूनच बोलला नाही तो."

दिवसकार्य उरकल्यावर ती कामावर गेली आणि जहाजावरून आलेली त्याची आकड्यांची वही उघडली. शेवटच्या पानांवर अक्षर वेडंवाकडं, पण आकडे चोख. तळ हळूहळू वर चढत होता, कड लागत होती आणि आत एकदम हजार मीटर कोसळत होती. संध्याकाळपर्यंत कमान पुरी झाली. साहेब कागदापाशी आले, त्यांनी पूर्वेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि खाली सही केली.

घरी आईनं विचारलं, "खरं होतं का गं त्याचं?"

"हो, आई."

"मग तेव्हाच का नाही काढलीस?"



नकाशा छापून झाला. ती अजून कामाला जाते. आई तिच्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं.