सोन्याच्या रेघेखालचे तडे

आमच्या घरात माणसं दोनच, मी आणि अंजनाआत्या. बाकी सगळी जागा फुलदाण्यांची. चिनी मातीची हरणं, बदकं, फ्रिजवर मासा, बाथरूमच्या खिडकीत हंस. आंघोळ करताना बी कुणीतरी बघत असतंय. सगळा माल जुना, माझ्या आजीच्या लग्नाच्या आगंमागचा. "दीप्ती, ओढणी सांभाळ," हे मी इतक्यांदा ऐकलंय की ओढणी घ्यायचीच सोडून दिली.

आत्या नर्स होती. रिटायर झाली, पण तपासायची सवय काय गेली न्हाय. फुलदाणी हातात आली की आधी उलटी करून बुडाचा शिक्का बघती. मग टिचकी मारून कान लावती. टण्ण वाजली तर धडधाकट, बद्द वाजली तर आतनं फुटलीय. आणि मग बुडाची बिनचकाकीची कड चक्क जिभेला लावती. जीभ चिकटली तर साधी माती, न्हाय चिकटली तर भारी भाजलेला माल. "अगं, कुणाकुणाच्या घरातलं असतंय ते," मी ओरडती. "मी कुणाकुणाचं काय काय पुसलंय ते सांगू का तुला?" म्हणती.

ह्यातलं निम्मं तिला फुकटात मिळालंय. तडा गेलेलं भांडं लोक घरात ठेवत न्हाईत, अपशकुन म्हणत्यात. पण काही जुन्या फुलदाण्यांच्या चकाकीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तड्यांची जाळी पाडलेली असती, तीच त्यांची शोभा. हे न कळून लोक चांगला माल उकिरड्यावर टाकत्यात. आम्ही बौद्ध, शकुन-अपशकुन आमच्या घरात चालत न्हाय. त्यामुळं अशी टाकलेली सगळी मंडळी आत्या उचलून आणती. लाख माणूस हाय, पण राहून बघा एकदा तिच्याबरोबर.

आत्याची ही पारख ऐकून गेल्या रविवारी कोडोलीचा राजवर्धन म्हणून एक पोरगा फुलदाणी घिऊन आला. बरोबर त्याची आज्जी, तानाबाई. फुलदाणी जपानी, अंगभर तडे, गळ्याभोवती सोन्याची रेघ. "नवा बंगला बांधलाय मावशी. वास्तुशांतीच्या आधी ही तडकलेली पीडा घरातनं काढायची. काय येतील तेवढं सांगा."

मी कपबशीतनं चहा आणला. तानाबाईंनी हात मागं घेतला. "मला नगं बाई."

माझं डोकं सणकलं. ह्याच कोडोलीत माझ्या पणजीसाठी गोठ्याच्या वळचणीला कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला असायचा, हे मी लहानपणापासनं ऐकत आलेली. "आमच्या घरातला चालत न्हाय व्हय?" मी तोंडावरच विचारलं.

म्हातारी घाबरली. "तसं न्हवं गं लेकी. स्टीलच्या पेल्यात दे, पिती की. कपाला मी हात लावत न्हाय. माझ्या हातनं फुटतंय."

राजवर्धन हसला. "नवी नवरी हुती तवा आज्जीनं ही फुलदाणी गरम पाण्यानं धुतली, आणि तडकली. त्याच महिन्यात पणजोबा गेले. किमतीची म्हणून ही माळ्यावर पडली, पण तवापासनं घरात तिच्या हातात कुणी काचंचं, चिनी मातीचं काय देत न्हाय."

तानाबाई खाली बघत होत्या. "एकदा नीट बघा की बाई," त्या आत्याला म्हणाल्या. "खरंच माझ्या हातनं झालंय का." नातू किंमत विचारायला आलता. त्या ह्यासाठी आलत्या.

गरम पाण्यानं खरंच असं होऊ शकतंय, आत्यानंच मला सांगितलेलं. आणि ती खोटं बोलत न्हाय. पेशंटला बी कधी बोलली न्हाय.

आत्यानं टिचकी मारली. टण्ण. मग चष्मा कपाळावर ढकलून बॅटरी लावली आणि भिंग घिऊन बसली. लई वेळ बसली. चहा गार झाला.

"आक्का, इकडं या," ती म्हणाली. भिंग तानाबाईंच्या हातात दिलं. "ही सोन्याची रेघ बघा. तडे हिच्या खालनं जात्यात. रेघ कुठं तुटलीय?"

"न्हाय की."

"म्हणजे तडे आधीचे, सोनं नंतरचं. कारखान्यात पाडलेत ते, मुद्दाम."

"मग मी धुतल्यावरच कसं दिसलं?"

"ठेवलेली कुठं?"

"चुलीवरच्या फळीवर."

"धुरानं काळी झाली असणार. तिला नीट घासून धुणारी पहिली तुम्हीच, आक्का. दुसरं काय झालं न्हाय."

तानाबाई रेघेवरनं बोट फिरवत राहिल्या. "मी नुसती धुतलीती," त्या म्हणाल्या.

"व्हय. नुसती धुतलीती."

राजवर्धनचं हसू कुठल्या कुठं गेलं. त्यानं हळूच किंमत विचारली. "चांगली येईल," आत्या म्हणाली. "पण विकायची का न्हाय, हे तुझ्या आज्जीला विचार." त्यानं विचारलं न्हाय. फुलदाणी कापडात गुंडाळून मांडीवर घिऊन बसला.

"आता चहा दे लेकी," तानाबाई मला म्हणाल्या. "कपातच दे."

मी आत्याचा सोनेरी काठाचा कप काढला, जो ती मला बी देत न्हाय. तानाबाईंच्या हातात कप बशीवर खडखडत होता. राजवर्धननं खाली हात धरला.

"हात काढ," आत्या म्हणाली. "पडला तर पडू दे."

चहा संपला. मी कप घ्यायला गेले, तर तानाबाई तो घिऊन स्वतःच मोरीकडं निघाल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "गरम पाणी हाय का गं?"