झाकणाखालच्या गोळ्या

शनिवार, १० जानेवारी. सारंगखेडा. हजर : माझी मामेबहीण सुषमा (मातीची भांडी भाजायची भट्टी तिची), भट्टी रचणारे देवरामभाऊ आणि मदतनीस म्हणून मी.

एसटीतून उतरले तेव्हा तापीवर धुकं होतं. पिशवीत मी घरून हातमोजे, फडकी आणि दोन ब्रश नेले होते. सुषमाला शहाद्याच्या एका हॉटेलची पहिली मोठी ऑर्डर आली होती : ताटल्या, पेले आणि साखरेच्या सहा बरण्या. माल पसंत पडला तर वर्षभराचं काम.

भट्टी लालबुंद झाली की कपाशीवर फवारायच्या पंपाने आत सोड्याचं पाणी मारायचं. त्याच्या वाफेने भांड्यांवर काचेसारखा थर चढतो.

"मी काय करू?" मी सुषमाला विचारलं.

"बरण्या पुसून दे. एवढंच."

झाकणांच्या कडेला खालून पांढऱ्या मातीच्या गोळ्या चिकटल्या होत्या. काय हा गबाळेपणा, म्हणत मी चार झाकणं खरवडून स्वच्छ केली. कचरा खाली टाकणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून गोळ्या एका बरणीत ठेवून तिला झाकण लावलं. तेवढ्यात कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा आला. उरलेल्या दोन बरण्या त्यामुळे वाचल्या.

सोमवारी भट्टी उघडली. ताटल्या नारिंगी, तुकतुकीत. देवरामभाऊंनी एका बरणीचं झाकण उचललं, तर अख्खी बरणीच वर आली. त्यांनी ती हलवली. खुळखुळ.

"ताई, बरणीमा काय शे?"

"गोळ्या. झाकणाच्या."

सुषमा खालीच बसली. "अगं, सोडा सगळं एकमेकांना चिकटवतो. झाकण सुटावं म्हणून त्या गोळ्या असतात."

"ताई," देवरामभाऊ म्हणाले, "हाई भट्टी शे, तुमनं कपाट नही."

सुषमाने हॉटेलात फोन लावला. मी फडक्याच्या घड्या घालत राहिले. ताटल्या पसंत होत्या. बरण्यांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली, वर्षाचं काम त्यानंतर ठरणार.

निघताना तिने ती खुळखुळणारी बरणी आणि पांढऱ्या मातीचा गोळा माझ्या पिशवीत घातला. "पुढच्या भट्टीच्या गोळ्या तू वळून आण. पुसायचं काही नाही."

घरी येऊन आठवडा झाला. यादीत 'गोळ्या वळणे'च्या पुढे अजून बरोबरची खूण नाही. काल रात्री बऱ्याच वळल्या होत्या, पण सगळ्या एकसारख्या दिसेनात, म्हणून मोडल्या.