पिशवीच्या कोपऱ्यातलं बटण

लहानपणीच्या मित्राने, सलीमने, पाठवलेली कापडी पिशवी उघडली आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. त्या वासासरशी मी मनाने जळगावच्या पिंप्राळ्यात, त्याच्या अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानात जाऊन बसलो.

दुकान बंद असायचं त्या दुपारी सलीम गोष्ट सांगायचा आणि आम्ही पोरं तिच्यातली माणसं व्हायचो. अशा खेळात कुणाचं काय होणार ते फासा ठरवतो, पण वीस बाजूंचा फासा तेव्हा जळगावात मिळेना. म्हणून या पिशवीत हाउजीचे लाकडी आकडे टाकले, एक ते वीस. वीस हरवला, त्याच्या जागी कोटाचं बटण. राक्षस वार करताना बटण निघालं की समोरचा मेला. राक्षसातर्फे हात घालायचा तो फक्त सलीमने.

एका दुपारी गोष्टीतल्या राक्षसाने माझ्या योद्ध्याला पुलावर गाठलं. सलीमची बोटं पिशवीत फिरतच राहिली. मग निघाला तीन.

"बटण चाचपून बाजूला सारलंस ना?" मी विचारलं.

"तुले मरायचं व्हतं का?"

हे काही उत्तर नव्हे. पुढे मी स्वतः असे खेळ रचले, तरी तो संशय गेला नाही.

आज पिशवी उलटी केली. आकडे पडले, बटण पडलं नाही. तळाचा कोपरा मात्र कडक लागला. बारीक टाक्यांनी बटण आतच शिवून टाकलेलं.

मी फोन लावला. "हे टाके पुलावरच्या त्या डावाच्या आधीचे की नंतरचे?"

सलीम म्हणाला, "आधीचे म्हटलं तर बटण निघणारच नव्हतं, तुझा योद्धा खोटा; नंतरचे म्हटलं तर ते मी सारलं, मी चोर. तुले कोणतं पाहिजे?"