पेन्सिलीची चार भोकं

हल्ली मला सुईत दोरा ओवता येत नाही. हात लांब धरला तरच नेढं दिसतं. परवा बटण लावता लावता सुई तशीच ठेवून दिली आणि वही काढली. पंधरा-सोळा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुष्काळाच्या सालातली गोष्ट. मी पारनेर तालुक्यात पोलीस शिपाई होतो. आमचे फौजदार पन्नाशीला टेकलेले, मनानं सरळ. माझी आई आजारी पडली तेव्हा न मागता त्यांनी मला रजा दिली होती.

वर्षातून एकदा नगरला चांदमारी, म्हणजे नेमबाजीची परीक्षा, असे. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर बारीक खुंटी असते, तिला आम्ही माशी म्हणतो. मागच्या खाचेत माशी धरायची आणि नजर तिच्यावरच ठेवायची. निशाण थोडं पुसट दिसलं तरी चालतं. माशी पुसट झाली, की गोळी कुठंही जाते. फौजदारांना माशीच दिसत नव्हती. चष्मा लावला तर निशाण जायचं, काढला तर माशी. डोळे गेले हे वर कळलं तर ठाणं जाईल, म्हणून चष्मा खिशातच राहायचा.

"अरे, सरकारनं अशी बंदूक काढाया पायजे," गोळ्या भरता भरता ते म्हणाले, "मारायचं तिथं आधी लाल टिकली उमटंल. मग आंधळा बी नेम मारील."

"मग आपल्याला कोण ठेवील, साहेब?"

ते खो खो हसले.

त्या दिवशी मी निशाणाखालच्या खंदकात एकटा होतो. बार संपले की फळा खाली ओढायचा, भोकं मोजायची, आकडा ओरडून सांगायचा, मग भोकांवर कागद चिकटवायचे. फौजदारांच्या बारा गोळ्यांपैकी तीनच लागल्या होत्या. पास व्हायला सात हव्या. पेन्सिल माझ्या कानावर होती. तिचं भोक गोळीच्या भोकासारखंच दिसतं, हे खंदकात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मी ती चार वेळा खुपसली आणि ओरडलो, "सात!"

असं करायला त्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना कळलंही नाही. परतीच्या गाडीत ते फार खुशीत होते. "बघ, चष्म्याबिगर सात! उगाच घाबरत हुतो रे मी."

चार महिन्यांनी बाजारात पिसाळलेलं कुत्रं शिरलं. मी काठी घेऊन धावलो. "थांब, मी हाय ना," म्हणत त्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं. त्या सात गोळ्या नसत्या तर त्यांनीही काठीच घेतली असती, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. गोळी मडकी विकायला बसलेल्या बाईच्या गुडघ्यात गेली.

चौकशीत चांदमारीचं रजिस्टर निघालं. मला विचारलं. "सात बरोबर आहेत साहेब," मी म्हणालो. अपघात ठरला, कागद बंद झाले. बाईचा पाय परत वाकला नाही.

फौजदार मात्र तिथंच अडकले. बसल्या बसल्या मला विचारायचे, "तिथं सात बसल्या, मग इथंच माझा हात का हलला रे?" रोज तेच. मी फायलीत मान घालायचो. बोलावं तर नोकरी जाणार, न बोलावं तर हा माणूस डोळ्यांसमोर झिजतोय. शेवटी त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि खर्ड्याकडच्या आपल्या गावी गेले. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहून टाकतो.

गेल्या वर्षी मी त्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय व्हनार? माझा पाय गेला त्यो गेला. त्या फौजदारांला सांगा की. दर साल येत्यात. हितं उंबऱ्यावर बसत्यात आन् आपल्या हाताकडं बघत ऱ्हात्यात."

त्यानंतर दोनदा मी खर्ड्याच्या एस.टी.त बसलो. दोन्ही वेळा अलीकडे जामखेडलाच उतरलो, स्टँडवर चहा घेतला आणि नगरची परतीची गाडी धरली.