सासूबाईंचा ग्लास

माझ्या सासूबाई उरणकडच्या आपल्या घरात एका दुपारी वाल सोलायला जमिनीवर बसल्या आणि त्यांना उठताच आलं नाही. पडल्या नव्हत्या, लागलंही नव्हतं. पायच ऐकेनात. संध्याकाळी शेजारीण आली तोवर त्या तशाच बसून होत्या. वाल तेवढे सगळे सोलून झाले होते.

त्याच आठवड्यात नवऱ्याने त्यांना पनवेलला आमच्या फ्लॅटवर आणलं. गावच्या घराची किल्ली आमच्या दाराजवळ खुंटीला टांगली. "कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठून दाखव, मग खुशाल जा," तो आईला म्हणाला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ही असली अट! मला संतापच आला. सासूबाईंनी मात्र किल्लीकडे बघून मान डोलावली. तरुणपणी मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिलेली बाई ती.

आमच्या सोसायटीजवळ एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे. तिने खुर्चीवरून उठबस करायला लावली, मग हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन उठबस. या वयात नुसता व्यायाम पुरत नाही, स्नायूंना खायलाही द्यावं लागतं, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी किडनीचे रिपोर्ट बघून प्रोटीन पावडरला परवानगी दिली. माझी शिकवणी संध्याकाळची, त्यामुळे निघण्याआधी मी दुधात पावडर घुसळून ग्लास फ्रिजमध्ये ठेवायचे. व्यायामाहून आल्यावर सासूबाईंनी तो प्यायचा.

दोन महिने झाले तरी फरक दिसेना. सासूबाई एक दिवस चुकवत नव्हत्या, ती मुलगीही चक्रावली. मग एकदा शिकवणी लवकर सुटली आणि मी घरी आले, तर माझा नवरा सोफ्यावर बसून तोच ग्लास रिकामा करत होता. रोज मीच त्याच्यासाठी ठेवते, असं समजत होता बिचारा. वर मलाच म्हणाला, "हल्ली दूध मस्त करतेस हं." व्यायाम सासूबाईंचा आणि पोट याचं.

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. "आई, तो ग्लास तुमच्यासाठी होता ना?"

"तो दिवसभर द्रोणागिरीला गोदामात उभा असतो, बाय. दमून येतो. आमी काय, घरातच हाय."

त्यांना यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. दुधावरची साय आधी सासऱ्यांना, मग मुलांना. उरलं तर आपल्याला, आणि उरायचं कधीच नाही. हे मला माहीत होतं, तरी माझा आवाज चढला. "मग आई, ताकद त्याच्या अंगात जाणार. तुमच्या घरी राहायला त्यालाच पाठवू का?"

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवणी अर्धा तास पुढे ढकलली आणि समोर बसून ग्लास संपवून घेऊ लागले. सुरुवातीला त्या दाराकडे पाठ करून प्यायच्या. सून असून मी सासूवर पहारा करत होते आणि मला जराही लाज वाटत नव्हती.

हळूहळू हातातल्या बाटल्या मोठ्या झाल्या. एके सकाळी त्यांना साडी नेसवताना माझा हात त्यांच्या दंडाला लागला आणि मी थबकले. सैल कातडीखाली घट्ट गोळा होता. या वयात माणसाचं शरीर पुन्हा नवं काही घडवू शकतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी पुन्हा एकदा दाबून बघितलं.

मग एका रविवारी व्यायामाहून आल्यावर त्या हॉलच्या मधोमध फरशीवर बसल्या. नवरा हात पुढे करून उभा राहिला. "लांब हो," त्या म्हणाल्या. एक गुडघा टेकला, दुसरं पाऊल रोवलं, दम धरला. पाय थरथरला. आणि त्या उठल्या. सरळ उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सासूबाईंनी फ्रिज उघडून आपला ग्लास काढला आणि आमच्याकडे तोंड करून प्यायला लागल्या. नवऱ्याने हसत विचारलं, "मला घोटभर?"

"नाय," त्या म्हणाल्या आणि ग्लास संपवला. मग खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी कनवटीला खोचली.