आत काय हाय ते सांग

"छाती काय, फीत मोजती. आत काय हाय ते तू सांग." असं म्हणत आमचे जमादार समोरच्या उमेदवाराच्या छातीवर पंजा दोनदा थोपटत.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला दोनेक वर्षं झाली होती. परभणीला नव्या शिपायांची भरती चालू होती. मी उंची-छाती लिहून घेणारा कारकून. जमादार निजामाच्या वेळचे, पण माणसाची पारख चांगली म्हणून नव्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलेलं.

मोजमाप झालं, धावणं झालं, की त्यांचा सवाल ठरलेला, "आजवर धाडसाचं काय केलंस?" कुणी पुरातून म्हैस काढलेली सांगे, कुणी साप मारलेला. चारठाण्याकडचा एक मेंढपाळ मान खाली घालून म्हणाला, "लांडगा आला तवा मी झाडावर चढलो, साहेब."

"अन् मेंढरं?"

"त्यांला चढता येत न्हाई."

जमादार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "खरं बोलायलाय. याला घ्या!"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला हसताना बघून आपल्यालाच बरं वाटतं.

ते मुसलमान होते, पण बोली आपल्या खेड्यातली. नाव सांगितल्याशिवाय परक्याला कळत नसे. त्यांचा थोरला भाऊ पिंगळीकडच्या एका खेड्यात कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. एका पायानं अधू. ॲक्शनच्या धामधुमीत तो नाहीसा झाला. गाववाले सांगत, हैदराबादेला पळाला. जमादारांनी ते खरं धरलं होतं. ड्यूटी संपली की स्टेशनावर जायचे आणि गाडीतून उतरणाऱ्यांचे पाय बघत उभे राहायचे.

"भाईजान येतील. लंगडं माणूस, उशीर लागायचाच," असं मला समजावत.

एका सकाळी एक उंचापुरा पोरगा धावण्यात पहिला आला. जमादार खूश. छाती मोजली, पंजा ठेवला आणि नेहमीचा सवाल विचारला.

पोरगा ताठ झाला. "आमच्या गावात एक लंगडा पिंजारी होता. गडबडीत सगळे नुसते बघत उभे राहिले. मी एकट्यानं उचलला अन् मळ्यातल्या विहिरीत टाकला."

ऐकलेलं कळायला मला वेळ लागला. पोरगा हसत होता. नोकरी पक्की झाली, असं त्याला वाटत होतं.

जमादारांचा हात तसाच त्याच्या छातीवर.

"कोणतं गाव?"

पोरानं सांगितलं. तेच गाव.

"त्यानं काय केलं होतं?"

"काई न्हाई. त्यांच्यातला होता."

"टाकताना काई बोलला?"

"म्हणला, माझा भाऊ पोलिसात हाय."

एवढं बोलून झालं आणि पोराची नजर पहिल्यांदाच जमादारांच्या वर्दीवरून वर, चेहऱ्यापर्यंत गेली. त्याचं हसू विझलं.

आता हे त्याचा गळा धरतील, असं मला वाटलं. त्यांनी हात काढून घेतला आणि साहेबांच्या टेबलापुढं जाऊन ते म्हणाले, "साहेब, याला काठी देऊ नका." बाकीचं मी सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले ते उभेच राहिले. पोराला तिथंच धरलं.

उरलेल्या रांगेच्या छात्या जमादारांनीच मोजल्या. सवाल मात्र कुणालाच विचारला नाही.

पुढं गावातून एकही साक्षीदार उभा राहिला नाही. पोरगा सुटला. शिपाई तेवढा झाला नाही.

पोराला धरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी जमादारांसोबत त्या मळ्यात गेलो. विहीर काठोकाठ दगडांनी बुजवलेली. आम्हाला बघून औत थांबलं, पण कुणी जवळ आलं नाही. जमादारांनी बूट काढले, हात पसरून दुवा मागितली. मग मला म्हणाले, "तुमी व्हा पुढं, गाडी चुकंल. मी भाईजानपाशी बसतो जरा."

नोकरीवर ते परत आले नाहीत. कुठं गेले, कुणाला कळलं नाही.

बांधावरून मी एकदाच मागं वळून पाहिलं होतं. ते बसले नव्हते. वाकून विहिरीतला एकेक दगड उचलत होते आणि कुणाला लागू नये तसा हळूच बाजूला ठेवत होते.