पाच चिंध्यांचं बियाणं

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे — पण आधीच बजावते, मला समजून घेऊ नका.

आमच्याकडच्या डोंगरांत टेटूची झाडं मोजकीच उरली आहेत. मुळांची साल औषधी, म्हणून लोक मुळंच खणून नेतात. चामोर्शीत शिकलेली मी, घरातली पहिली पदवीधर. वनखात्याची रोपवाटिका माझ्या हाती आली. पाच टेकड्यांचं बियाणं वेगवेगळं वाढवायचं होतं. सगळीकडे एकाच झाडाची लेकरं लावली, तर एका रोगात सगळी जातात — हे मला कॉलेजनं शिकवलं. तानीबाईला कुणी शिकवलं असेल? जडीबुटी देणाऱ्या त्या म्हातारीनं पाचही टेकड्या चढून शेंगा आणल्या, प्रत्येक टेकडीची बी वेगळ्या रंगाच्या चिंधीत बांधून दिली.

मी त्या पुरचुंड्या ओलसरच प्लॅस्टिकच्या डब्यात कोंबल्या. आणि विसरले. उघडल्या तेव्हा सगळ्यांना बुरशी.

मग? रस्त्याकडेच्या एका टेटूची शेंग फोडली. एका शेंगेत कागदासारख्या शेकडो बिया निघतात. पाच वाफे पेरले. पाच टेकड्यांच्या पाट्या ठोकल्या.

रोपं वाढल्यावर तानीबाई बघायला आली. "काऊन वं पोरी, हे सारे एकाच मायचे लेकरं दिसून राह्यले?"

"खत एकच हाये ना, बाई."

"मीनं पाच पोट्टे एकाच चुलीवरचं खाऊ घालून वाढोले. एकाचंबी नाक दुसऱ्यावानी नाई." ती हसली. मीही हसले!

टेकड्यांवर लावलेली रोपं दुसऱ्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात काळी पडली. पाचही टेकड्यांवरची. बैठकीत साहेब म्हणाले, "त्या बाईनं बीच रोगट आणलं." मी तिथेच होते, इतिवृत्ताची वही घेऊन. काय केलं मी? ते वाक्य लिहून घेतलं. सुवाच्य अक्षरात.

तिचं बियाण्याचं काम गेलं. गावात लोक म्हणू लागले, बाईचं औषधही तसलंच असेल.

नोकरी जाईल याची भीती, गरिबी, पहिलीच पदवी — यातलं काहीही पुढे करणार नाही. ज्या शिक्षणाचे उपकार मी रोज मानते, त्याच्यामुळेच मी काय करते आहे ते मला नेमकं कळत होतं. हे माझ्या नावानं छापायला दिलं आहे. साहेब वाचतील? वाचू देत.

दोन टेकड्यांवरची जुनी झाडंही लोकांनी खणून नेली; तिथे आता टेटू उरलेला नाही. हिरव्या आणि पिवळ्या चिंधीतली बी तिथली होती.

तानीबाईचं बियाणं चांगलं होतं.